रेनकोट खंडात खराब होतो: पावसाळी कपडे सांभाळायची पद्धत

मृगाच्या तोंडावर नवा रेनकोट घ्यायचा, पुढच्या मृगात तो गळायला लागला की दुसरा आणायचा, असा आपल्याकडं सर्रास रिवाज आहे. खरं तर मराठवाड्यात पावसाळ्याचे चार महिने मिळून सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पडतो. रेनकोट अंगावर चढतो ते मोजके दिवस. बाकीचे दिवस तो डिकीत, खुंटीवर नाही तर माळ्यावर पडून असतो आणि त्याची वाट लागते ती तिथंच.

होतं काय, जूनमध्ये एक दणदणीत पाऊस येतो. ओला रेनकोट घाईत गुंडाळून डिकीत कोंबला जातो. मग पावसाचा खंड पडतो, पंधरा दिवस, कधी महिना. सोयाबीन माना टाकतं, सगळ्यांचं लक्ष आभाळाकडं असतं, रेनकोटाची आठवण कुणाला राहणार? पाऊस पुन्हा आला की डिकी उघडते आणि आतून कुबट वास, कॉलरवर काळे ठिपके, हाताला चिकट लागणारं अस्तर बाहेर येतं.

पहिल्यांदाच बऱ्यापैकी पैसे घालून रेनसूट किंवा जॅकेट घेतलेल्यांसाठी हा लेख आहे. तुम्ही दुचाकीवर रोज बीड-गेवराई करत असाल, शेतात चिखल तुडवत असाल, किंवा हिमालयातल्या ट्रेकसाठी घेतलेलं जॅकेट आता म्हैसमाळ, गौताळा, सौताड्याच्या धबधब्यावर वापरत असाल, निगा राखायची तत्त्वं तीच आहेत. फरक कापडाच्या जातीनं पडतो, म्हणून सुरुवात तिथून.

आधी जात ओळखा

रेनकोट उलटा करून उजेडात बघा.

दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, जाड, नवा असताना उग्र वास येणारा असेल तर तो पीव्हीसीचा, म्हणजे एका जातीच्या प्लॅस्टिकचा. याच्या शिवणी बहुतेक वेळा उष्णतेनं चिकटवलेल्या असतात. स्वस्त, पाणी हमखास अडवतो, पण आतल्या माणसाला घामानं भिजवतो. याला इस्त्री कधीही लावायची नाही.

बाहेरून कापड आणि आतून पांढरट, चंदेरी किंवा रंगीत थर दिसत असेल तर ते नायलॉन किंवा पॉलिएस्टरवर पॉलियुरेथेनचा लेप दिलेलं कापड. बाजारातले दुचाकीचे बहुतेक रेनसूट याच जातीचे. शिवणीवर आतून एक पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते, तिला टेप म्हणतात. ही पट्टी आणि तो लेप शाबूत असेपर्यंतच रेनसूट कामाचा.

तिसरी जात पडद्याची. दोन कापडांच्या मध्ये किंवा कापडाच्या आतल्या बाजूला एक अतिपातळ पडदा असतो. तो पाणी अडवतो, पण घामाची वाफ बाहेर जाऊ देतो. अमेरिकेतल्या बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉनच्याच जातीचं एक द्रव्य झटक्यात ताणून सच्छिद्र बनवलं, त्यातून गोर-टेक्स नावाचा पडदा आला. आता बऱ्याच कंपन्यांचे आपापले पडदे आहेत. ट्रेकिंगची महाग जॅकेटं याच प्रकारची.

कुणाकडं आजोबांचा रबर चढवलेला जुना रेनकोट असेल. कलकत्त्याच्या बंगाल वॉटरप्रूफ कंपनीचा ‘डकबॅक’ हा ब्रँड त्या काळात घराघरांत होता. अशा कोटाला ठेवताना आतबाहेर टाल्कम पावडर भुरभुरायची, म्हणजे रबर रबराला चिकटत नाही. एवढी एक गोष्ट पाळली तरी तो टिकतो.

आणि घोंगडी? तीही पावसाळी कपडाच. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी अजून कितीतरी मेंढपाळ पावसात खोळ करून डोक्यावर घेतात. लोकरीत मेंढीच्या अंगचा थोडा तेलकटपणा उरलेला असतो आणि पाणी झटकतो तो तोच. म्हणून घोंगडी डिटर्जंटमध्ये आणि गरम पाण्यात बुडवायची नाही. झटकायची, वाऱ्यावर टाकायची, फार झालं तर थंड पाण्यातून काढायची.

जात कळली की आतल्या शिवणीत लावलेली चिठ्ठी वाचा. ती कापून टाकायची सवय असेल तर मोडा. तिच्यावर चिन्हं असतात. पाण्याच्या टबाच्या चिन्हात ३० असेल तर ३० अंशांपर्यंतच्या कोमट पाण्यात धुवा. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. गोलावर फुली म्हणजे ड्रायक्लीन नको. इस्त्रीत एक ठिपका म्हणजे ११० अंशांपर्यंतची, सगळ्यात कमी आचेची इस्त्री चालेल. इस्त्रीवरच फुली असेल तर पुढं इस्त्रीबद्दल जे सांगितलंय ते तुमच्यासाठी नाही.

नव्या रेनसूटच्या पुठ्ठ्यावर ५,००० किंवा १०,००० मिलिमीटर असंही लिहिलेलं असतं. ते पावसाचं माप नाही. कापडावर दहा हजार मिलिमीटर, म्हणजे दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब आला तरी ते झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. नुसत्या पावसाचा दाब एवढा नसतो. पण तुम्ही ओल्या सीटवर बसता किंवा पाठीवर जड सॅक टाकता तेव्हा तिथला दाब पुष्कळ वाढतो, म्हणून दुचाकीवाल्यांनी हा आकडा बघून घ्यावा. हा आकडा नव्या कापडाचा असतो हे मात्र लक्षात ठेवा. झिजलेल्या, मळलेल्या कापडाला तो लागू नाही.

घरी आल्याबरोबरची पाच मिनिटं

सगळ्या निगेत हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि याला एक रुपया लागत नाही.

घरी आल्यावर रेनकोट दारातच दोन-तीनदा झटका. खिसे उलटे करा. पँटच्या खिशात भुईमुगाच्या शेंगा, हरभरे, विड्याची पानं असं काहीही सापडतं आणि ते तसंच राहिलं तर उंदीर आधी खिसा कुरतडतो. जॅकेटच्या सगळ्या चेन उघडा, आधी आतली बाजू बाहेर करून टांगा, ती कोरडी झाली की सुलट करा. घाम आत असतो, तो आधी वाळला पाहिजे.

बारीक तारेच्या हँगरवर टांगू नका. खांद्यावर खूण पडते, तार गंजली की डाग पडतो. जाड प्लॅस्टिकचा नाही तर लाकडी हँगर घ्या. दिवाणखान्यात पंख्याखाली टांगला तरी चालेल. घरातलं कुणी दोन दिवस कुरकुर करेल, मग सवय होते.

रात्री उशीर झाला, अंगात त्राण नाही, तरी किमान डिकीतून बाहेर काढा. ओलावा आणि ऊब एकत्र आले की पॉलियुरेथेनचा लेप हळूहळू विघटित होतो. याला जलविघटन म्हणतात. लेप चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे निघतात, आंबूस वास सुटतो आणि तिथून परतीची वाट नाही. स्कूटरची डिकी इंजिनाच्या वरच असते, त्यामुळे आत ओलं कापड ठेवलं की हे दोन्ही तिथं आयते मिळतात.

काळ्या मातीचा चिखल

आपली रेगूर जमीन ओली असताना फुगते, चिकटते आणि वाळली की तडकते. याच गुणाचा फायदा घ्या. पँटच्या पायांना लागलेला चिखल ओला असताना ब्रशनं घासलात तर बारीक कण कापडाच्या विणीत आणखी खोल जातात. तो वाळू द्या. वाळला की कापड हातात धरून चुरगाळा, ढेकळं आपोआप सुटतात. उरलेली धूळ मऊ ब्रशनं झटका आणि मगच पाणी लावा.

गमबुटाचं उलटं. तो गुळगुळीत असतो, त्यामुळं शेतातून येताच ओल्यावर धुऊन टाका. आतून ओला झाला असेल तर वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन-तीन तासांनी बदला. उन्हात ठेवू नका, रबर उन्हानं चिरतं.

आणखी एक. कीटकनाशकाची फवारणी करताना जुना रेनकोट घालणारे पुष्कळ आहेत. घालायला हरकत नाही, पण तो रेनकोट मग फक्त फवारणीचाच. त्याची धुणी वेगळी, बादली वेगळी, ठेवायची जागा वेगळी. लेकरांच्या कपड्यांसोबत तो कधीच भिजवू नका.

धुणं: खरा प्रश्न पाण्याचा

रेनकोट धुतला की खराब होतो, असा एक पक्का समज आहे. उलट न धुतल्यानं तो खराब होतो. बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा एक अदृश्य मुलामा असतो. नव्या जॅकेटवर पाणी अळूच्या पानावर पडल्यासारखं गोळा होऊन घरंगळतं, ते त्या मुलाम्यामुळे. धूळ, घाम, गाडीचा धूर आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे डोक्याचं खोबरेल तेल या मुलाम्यावर बसतं आणि तो काम करेनासा होतो. मुलामा गेलेला नसतो, झाकला गेलेला असतो. म्हणून टोपी आणि कॉलर आधी भिजायला लागतात.

जुन्या मुलाम्यांत फ्लोरिनयुक्त रसायनं असायची, ती पाण्यासोबत तेलही झटकायची. ती निसर्गात वर्षानुवर्षं कुजत नाहीत म्हणून आता कंपन्या त्यांच्याशिवायचे मुलामे देताहेत. बदल चांगलाच आहे, पण नवे मुलामे तेलापुढं कच्चे पडतात. नवं जॅकेट जुन्यापेक्षा जास्त वेळा धुवावं लागतं, हे त्याचं कारण.

रोज वापरात असेल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा धुवा. अधूनमधून वापरत असाल तर पाणी घरंगळायचं थांबलं किंवा कॉलर काळवंडली की.

आता पाणी. दख्खनच्या बेसाल्टमधून वर आलेलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, हीटरची कॉइल पांढरी होते, हे सगळं त्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. साबण या पाण्यात मिसळला की त्याचा एक न विरघळणारा मळ तयार होतो आणि तो कापडावर बसतो. हा मळ पाणी धरून ठेवतो. म्हणजे रेनकोट स्वच्छ करायला गेलात आणि पाणी शोषायची सोय करून आलात.

उपाय आपल्या पागोळीखालीच आहे. पावसाचं पाणी मऊ असतं. पत्र्यावरची किंवा गच्चीची पहिल्या पावसाची धूळ वाहून जाऊ द्या, मग दुसऱ्या-तिसऱ्या पावसात पन्हाळीखाली टब ठेवा. रेनकोट धुवायला यापेक्षा चांगलं पाणी विकत मिळणार नाही. पावसाचं पाणी सगळ्या धुण्याला पुरलं नाही तर निदान शेवटचं खळबळणं त्यात करा.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून जलदूत रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्यामुळे एका जॅकेटला चार बादल्या सांगताना माझीही जीभ अडखळते. धुतलेलं पाणी संडासाला किंवा अंगणातली फरशी धुवायला वापरा. झाडांना घालू नका.

साबण कोणता? निकवॅक्स किंवा ग्रेंजर्स या कंपन्यांचे खास द्रव मिळतात, ऑनलाइन किंवा डेकॅथलॉनसारख्या दुकानांत. पडद्याच्या जॅकेटसाठी पैसे घालायला हरकत नाही. दोन हजारांच्या रेनसूटसाठी ती चैन मला पटत नाही. त्याला साधं, कमी वासाचं द्रव डिटर्जंट थोडंसं पुरे. वडी आणि पावडर टाळा, त्यांचा अंश विणीत अडकतो. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव तर अजिबात नको. त्याचा एक थर मागं राहतो आणि पाणी झटकणं बंद होतं.

आता कृती. खिसे रिकामे करा, सगळ्या चेन लावा, वेल्क्रो बंद करा. उघडं वेल्क्रो जिथं घासेल तिथले धागे ओढतं. टबात कोमट पाणी घ्या, हाताला गार-गरम काहीच जाणवू नये एवढं. त्यात झाकणभर द्रव मिसळा. कॉलर, टोपीची कड आणि मनगटं यांवर बोटानं थोडं द्रव लावून पाच मिनिटं ठेवा. मग सगळा कपडा बुडवून हलक्या हातानं दाबा आणि सोडा. दोन-तीन मिनिटांत पाणी मळकट तपकिरी होतं. वरून स्वच्छ दिसणाऱ्या जॅकेटमधून एवढा मळ निघतो की नवख्या माणसाला धक्का बसतो.

रात्रभर भिजत घालू नका. धुण्याच्या दगडावर आपटू नका. आतल्या बाजूला ब्रश लावू नका. पिळू तर मुळीच नका, पिळताना लेपाला बारीक चिरा जातात. दाबून पाणी काढा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा. फेस गेला असं वाटलं की आणखी एकदा.

वॉशिंग मशीनबद्दल माझं मत साफ आहे, घालू नका. पाणी अडवणारं कापड मशीनमध्ये फुग्यासारखं पाणी धरून बसतं आणि पिळायच्या फेरीत सगळा भार एका बाजूला जातो. मशीन थडथडून जागची हलते. कित्येक मशीनच्या झाकणावर वॉटरप्रूफ कपडे घालू नका असं छापलेलंही असतं. चिठ्ठीवर मशीन चालेल असं लिहिलेलं पडद्याचं जॅकेट घालायचंच असेल तर पिळण्याची फेरी बंद ठेवा.

पीव्हीसीच्या रेनकोटाला एवढा सोहळा नको. खुंटीवर टांगून ओल्या फडक्यावर थोडं साबण घेऊन पुसा, साध्या पाण्यानं ओता, झालं.

वाळवणं आणि पाणी झटकणं परत आणणं

सावलीत, वारा खेळेल अशा वलणीवर. ऊन लागलं तर लवकर वाळतं खरं, पण नायलॉनला ऊन सोसत नाही. रंग उडतो तो दिसतो, धागा कमजोर होतो तो दिसत नाही. आपल्याकडं पावसाची उघडीप झाली की दुपारचं ऊन चांगलंच तापतं, त्यामुळे ओसरी किंवा खोली बरी. टोपीच्या आतली, काखेतली आणि खिशातली ओल शेवटी जाते. तिथं हात घालून बघितल्याशिवाय घडी करू नका.

पूर्ण वाळल्यावर बाहीवर चमचाभर पाणी ओता. थेंब गोळा होऊन घरंगळले तर काम झालं. पाणी पसरून कापड गडद झालं तर मुलाम्याला ऊब द्यावी लागेल, उबेनं तो पुन्हा जागेवर येतो.

परदेशात हे काम ड्रायरमध्ये करतात. आपल्या घरी इस्त्री आहे. एक ठिपक्याची आच, वाफ बंद, कपडा पूर्ण कोरडा, मध्ये स्वच्छ सुती फडकं. एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. आधी खिशाच्या आत, न दिसणाऱ्या जागी करून बघा. बाहेरच्याच बाजूनं करा, आतल्या लेपावर इस्त्री फिरवू नका. टोपी आणि खांदे एवढंच केलं तरी पुष्कळ, पाऊस तिथंच जास्त बसतो. इस्त्रीची भीती वाटत असेल तर केस वाळवायचा ड्रायर कमी आचेवर, जरा लांबून फिरवा.

तरीही पाणी पसरलं तर मुलामा झिजला. मग फवारायचा किंवा पाण्यात मिसळायचा नवा मुलामा आणावा लागेल. आत अस्तर असलेल्या जॅकेटला फवाराच घ्या. पाण्यात मिसळायचा प्रकार अस्तरालाही लागतो आणि मग अस्तर घाम शोषत नाही. धुतलेल्या, ओलसर कपड्यावर फवारा, जास्तीचं फडक्यानं टिपा, वाळवा. मळक्या कपड्यावर मारलात तर पैसे पाण्यात.

गळतंय की घाम?

इथं बहुतेकांची फसगत होते. लातूरच्या गंजगोलाईत छत्र्या-रेनकोट दुरुस्त करणाऱ्या एका मामांच्या दुकानात एक बाई तणतणत आल्या होत्या.

“मामा, नवाच हाय की. तरी आतून समदा वल्ला व्हायलाय.”

“ताई, पाणी गळायलंय का घाम यायलाय, ते आधी बघा. आत पेपर ठेवा अन् नळाखाली धरा. पेपर कोरडा राहिला तर घाम, वल्ला झाला तर आणा माझ्याकडं.”

ही परीक्षा खरंच सोपी आहे. रेनकोटात वर्तमानपत्र पसरा, न घालता टांगा, झारीनं वा नळीनं पाच मिनिटं पाणी सोडा. पेपर कोरडा असेल तर दोष रेनकोटाचा नाही. ऑगस्टमध्ये हवेतच दमटपणा असला की घामाला जायला वाट नसते. महागडा पडदाही अशा हवेत अर्धंच काम करतो, कारण बाहेरच वाफ भरलेली असते. अशा वेळी काखेतल्या चेन उघड्या ठेवा, आत जाड सुती बनियन न घालता पटकन वाळणारा टी-शर्ट घाला, चढावर रेनकोट काढता आला तर काढा. माझा हिशेब असा, मराठवाड्यात रोजच्या दुचाकीसाठी पडद्याचं जॅकेट घेण्यात अर्थ नाही. हवा खेळायला जागा असलेला, लेपाचा दोन भागांतला सूट पुरेसा.

पेपर ओला झाला तर जागा शोधा. अंधाऱ्या खोलीत रेनकोटाच्या आत मोबाइलचा टॉर्च लावा, बारीक भोकं चमकतात. दुचाकीवाल्यांच्या पँटचा बैठकीचा सांधा हा सगळ्यात कच्चा. चार शिवणी तिथं एकत्र येतात, सीटच्या खळग्यात पाणी साचतं आणि त्यावर तुमचं वजन. गळती तिथून सुरू होते. दुसरी जागा खांद्याची, सॅकचा पट्टा घासतो तिथली.

टेपचं नुसतं टोक सुटलं असेल तर ती जागा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून, वाळवून, फडक्यावरून कमी आचेची इस्त्री दाबा, बऱ्याचदा चिकटते. सगळी टेप सुटत असेल तर सीम सीलर नावाचं ट्यूबमधलं द्रव मिळतं, ते आतून शिवणीवर पातळ फासा आणि रात्रभर वाळू द्या. फाटलं असेल तर ठिगळाचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी उचकटतो. जमलं तर दोन्ही बाजूंनी लावा.

फेव्हिक्विक वापरू नका. ते वाळून काचेसारखं कडक होतं आणि कापड वाकलं की बाजूनं नवी चीर जाते. चांभाराकडून शिवून घ्यायचं असेल तर घ्या, पण सुईचं प्रत्येक भोक म्हणजे गळतीची नवी जागा. आतून सीलर लावल्याशिवाय ते काम पुरं होत नाही.

दुचाकीवाल्यांसाठी काही गोष्टी

पँटचा उजवा पाय सायलेन्सरला लागून वितळणं हे आपल्याकडं रेनसूट बाद व्हायचं मोठं कारण आहे. पायाची जास्तीची लांबी वर दुमडून घोट्याला वेल्क्रोनं किंवा रबरानं बांधा. मागं बसणाऱ्या व्यक्तीचीही पँट बघा, तिचा पाय सायलेन्सरच्या आणखी जवळ असतो. गाडी थांबवून उभं राहताना लोक बेसावध असतात, पाय तेव्हाच टेकतो.

गाडीच्या चेनचं काळं ऑइल लागलं तर भांड्यांचं द्रव एक थेंब त्या जागी बोटानं चोळा आणि भरपूर पाण्यानं धुवा. पेट्रोल किंवा रॉकेल लावून पुसायचा सल्ला गॅरेजमध्ये मिळेल, ऐकू नका. डाग जाईल आणि सोबत टेपचा गोंदही.

रेनसूटच्या चेनमध्ये माती अडकून ती अडत असेल तर जुन्या टूथब्रशनं चेनचे दात साफ करा आणि मेणबत्ती घासा. तेल घातलंत तर धूळ आणखी बसेल.

ठेवणं

परतीच्या पावसाआधी रेनकोट आवरून ठेवायची घाई करू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीडकडं जो पाऊस झाला तो ज्यांनी पाहिलाय त्यांना हे सांगायला नको. दिवाळी झाली की मग आवरा.

ठेवण्याआधी एकदा धुणं आणि दोन दिवस वाळवणं. मळ तसाच राहिला तर सात-आठ महिन्यांत तो कापडात मुरतो. बुरशीचे ठिपके असतील तर आधी सौम्य द्रवानं धुवा. काळा डाग राहिला तरी चालेल, ब्लीच लावू नका.

जागा गार आणि कोरडी हवी. पत्र्याखालचा माळा ही सगळ्यात वाईट जागा. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना पत्र्याखाली काय होत असेल याचा विचार करा. पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य उष्णतेनं हळूहळू निघून जातं, म्हणून जुना प्लॅस्टिकचा रेनकोट कडक होऊन घडीवर तडकतो. कपाटात हँगरवर टांगता आला तर उत्तम. जागा नसेल तर सैल गुंडाळी करून जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून नको, उरलेली ओल आत कोंडते. घट्ट घडी नको, वर गाद्यांचं ओझं नको. डांबराच्या गोळ्या रेनकोटाला चिकटून ठेवू नका. कडुनिंबाचा पाला वापरत असाल तर तो खडखडीत वाळलेला असू द्या. औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जपून ठेवल्या असतील तर दोन-तीन आत टाका.

एप्रिल-मे मध्ये वळवाचा पाऊस येतोच. त्या निमित्तानं एकदा बाहेर काढा, उलगडा, हवा द्या, घडी बदला.

टाकायचा कधी

आतला लेप पापुद्रे सोडायला लागला, बोटाला पांढरा चुरा लागतो, किंवा सगळं अस्तर चिकट झालंय, म्हणजे संपलं. यावर कुठलाही फवारा, कुठलाही सीलर चालत नाही, दुकानदार काहीही म्हणो. टेप, चेन, मुलामा, भोक हे सगळं दुरुस्त होतं, लेप होत नाही.

पीव्हीसीचा रेनकोट चुलीत किंवा पाचटासोबत जाळू नका, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा विषारी धूर निघतो. लेपाच्या सूटचं जॅकेट गेलं आणि पँट शाबूत असेल तर पँट राहू द्या, फवारणीला किंवा पाणी धरायला कामी येते. जॅकेटच्या चेनच्या सरक्या, दोऱ्यांची बटणं काढून डबीत ठेवा. पाठीचा भाग बहुतेक वेळा सगळ्यात कमी झिजलेला असतो. तिथला लेप चांगला असेल तर तळहाताएवढे चार-पाच तुकडे गोल कोपऱ्यांनी कापून ठेवा, पुढच्या रेनसूटच्या ठिगळाला बाजारात शोधत फिरावं लागत नाही.